समीक्षक क्रमांक दोन

आमच्या संशोधन-त्रैमासिकाच्या विशेषांकात संपादक मंडळाच्या अध्यक्षांनी असे लिहिले आहे की, लेखांच्या परीक्षणाची आमची नवी पद्धत ‘संपादकांच्या द्रष्टेपणातून’ जन्माला आली आणि मंडळाने ती ‘एकमुखाने’ स्वीकारली. ते संपादक म्हणजे मी. मी अजून जिवंत आहे आणि माझी स्मृतीही शाबूत आहे. त्या लेखाची मुद्रिते मला दाखवली असती, तर ही दोन्ही वाक्ये मी तिथेच कापली असती. ती दाखवली नाहीत, म्हणून आता हे लिहिणे भाग आहे. जन्मभर मी पुष्कळ लिहिले आणि पुष्कळ भांडलो. माझे जे आहे ते मला पुरते. दुसऱ्याने शिवलेला अंगरखा या वयात अंगावर चढवून मिरवण्याची मला हौस नाही.

अध्यक्षांच्या म्हणण्याशिवाय आणखी दोन हकीकती गावात फिरतात. आमच्या मंडळातले एक संस्कृतज्ञ सांगतात की ही पद्धत म्हणजे आपल्या शास्त्रार्थातला पूर्वपक्षच आहे – खंडनाआधी प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडायचे – आणि ती त्यांनी मला चहा पिता पिता सुचवली. चहा आम्ही प्यायलो होतो, हे खरे. बाकीचे खोटे. एका कार्यशाळेत एका तरुण वक्त्याने ती परदेशी नियतकालिकांवरून उचलल्याचे सांगितले. परीक्षण उघडपणे करणारी नियतकालिके परदेशात आहेत, हे मला नंतर कळले. जिने ही पद्धत बांधली, तिला तर ते तेव्हा मुळीच ठाऊक नव्हते. ही पद्धत काशीहून आली नाही आणि विलायतेहूनही नाही. ती बजाजनगरहून आली, तीही एका स्कूटीवरून.

आधी जुनी रीत सांगितली पाहिजे. संशोधनाचा लेख छापण्यापूर्वी त्या विषयातल्या दोन जाणकारांना तो वाचायला द्यायचा. लेखकाचे नाव त्यांना कळू द्यायचे नाही आणि त्यांची नावे लेखकाला. दोघांनीही बरा म्हटला तर छापायचा. जगभर असेच चालते आणि आमच्याकडेही असेच चालत असे. कागदावर ही रीत निर्दोष आहे. पण आपल्याकडे आपल्या गुरूचा ग्रंथ पहिल्या तळटिपेत आणण्याचा शिष्टाचार आहे. मराठवाड्याच्या इतिहासावरचा लेख हाती आला की जाणकार आधी शेवटचे पान उलटतो, पहिल्या तीन तळटिपा पाहतो आणि लेखक कोणाचा विद्यार्थी, कोणाच्या गटातला, हे त्याला बसल्या जागी उमगते. मग लेख वाचायचा की नुसता चाळायचा, ते ठरते. नाव झाकलेले असते आणि घराणे उघडे. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि याविषयी आम्ही कोणीच बोलत नव्हतो.

दुसरी गोष्ट माझ्या एकट्याची आहे. जाणकार मंडळी लेख सहा-सहा महिने दाबून ठेवत. पहिल्या समीक्षकाचा कसाबसा अभिप्राय येई – ‘लेख सामान्य. संदर्भ तोकडे.’ – आणि दुसऱ्याचा येतच नसे. अंक तर वेळेवर निघाला पाहिजे. अशा वेळी मी स्वतःच लेख वाचून अभिप्राय लिहीत असे आणि खाली ‘समीक्षक क्रमांक दोन’ असे टंकून घेत असे. ही लबाडी आहे, असे मला तेव्हा वाटत नव्हते. सोय वाटत होती.

आमचे कार्यालय क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होते. तिथे साहाय्यक म्हणून एक बाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास. पूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सूचिकार्डे लिहिण्याचे काम त्यांनी केले होते. यजमान वाळूजच्या एका कारखान्यात, राहायला शहराबाहेर, बजाजनगरच्या कामगार वस्तीत. रोज स्कूटीवरून येत, हेल्मेट खुंटीला अडकवत आणि पदराने चेहरा पुसून थेट कामाला लागत. पहिल्या महिन्यातच त्यांनी वीस वर्षांचे लेख विषयवार लावले आणि दोन लेख आम्ही दोनदा छापले असल्याचे मला शांतपणे दाखवून दिले. मी म्हणालो, “चुकून झाले असेल.” त्या म्हणाल्या, “हो सर. दोन्ही वेळा चुकूनच झालं असेल.” तेव्हाच मला समजायला हवे होते की हे पाणी निराळे आहे.

त्या वर्षी लासूर स्टेशनच्या एका महाविद्यालयातून एक लेख आला. लेखक तिथे इतिहास शिकवणारे तरुण प्राध्यापक होते. पंचक्रोशीतल्या एका लहान गावाचा जुना गुरांचा बाजार कसा मोडला, हा त्यांचा विषय. आता, या विषयावर माझा ग्रंथ आहे. रेल्वे आली, व्यापार रुळांकडे सरकला आणि गावोगावचे बाजार ओस पडले, हा त्यातला सिद्धान्त. विद्यापीठांनी तो शिकवला आणि परीक्षांत त्यावर प्रश्न घातले. पहिल्या समीक्षकाने लेखावर ‘बरा’ एवढेच लिहिले. दुसऱ्याचे उत्तर आले नाही. मी शेवटचे पान उलटले. पहिली तळटीप कोण्या घरातल्या उर्दू पावत्यांच्या गाठोड्याची होती, दुसरीही त्याच गाठोड्याची आणि तिसरीही. गुरू नाही, ग्रंथ नाही, मी नाही. सहा पाने चाळली आणि समीक्षक क्रमांक दोन म्हणून लिहिले – ‘या विषयावरील मूलभूत ग्रंथ लेखकाने वाचलेला दिसत नाही. अस्वीकार.’ बाईंनी ते टंकले. टंकताना त्यांची बोटे एकदा थांबली होती. मला ते दिसले होते, पण मी विचारले नाही.

महिनाभराने ते प्राध्यापक स्वतःच कार्यालयात आले. उन्हातून आले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी दिले, कूलरसमोर बसवले. त्यांनी लेखाची प्रत काढली आणि नववे पान माझ्यासमोर ठेवले.

“सर, समीक्षक म्हणतात मूलभूत ग्रंथ वाचला नाही. तो ग्रंथ तुमचाच असणार. इथे पाहा. नवव्या पानापासून तेराव्या पानापर्यंत त्याच ग्रंथाशी वाद घातलाय. वाद चुकला असं म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण वाचलंच नाही असं कसं म्हणता येईल?”

मी म्हणालो, “समीक्षकांचे मत मंडळ बदलू शकत नाही.”

“मत बदला असं म्हणत नाही सर. त्यांनी वाचावं एवढंच म्हणतोय.”

ते तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे वर्गात उभे राहाल तितक्या तासांपुरती नोकरी, आणि उन्हाळ्यात तीही नाही. कायम जागेची मुलाखत वर्षअखेरीस व्हायची होती आणि त्यासाठी परीक्षण होऊन छापलेला लेख हवा होता. पैसे घेऊन पंधरा दिवसांत वाटेल ते छापणारी नियतकालिके आज गल्लोगल्ली आहेत, आणि ते त्यांना ठाऊकही होते. ते माझ्याकडेच का आले, असे मी विचारले. म्हणाले, “तिकडे छापून आला तर तुमचा सिद्धान्त तसाच राहील ना, सर.” आणि नमस्कार करून निघून गेले. माणूस आवडावा असे ते वाक्य होते. मला तेव्हा ते उद्धट वाटले.

ते गेल्यावर बाई टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“सर, क्रमांक दोन कोण ते मला माहीत आहे.”

“तुम्हीच टंकले, तर माहीत असणारच.”

“मी कुणाला सांगणार नाही. पण आमच्या घरी हे चालत नाही.”

“तुमच्या घरी कोणते त्रैमासिक निघते?”

“त्रैमासिक नाही निघत. पिस्टनची पिन निघते. ह्यांच्या कारखान्यात. तुम्ही एकदा जेवायला या.”

मी रागावलो, आणि गेलो. त्यांच्या यजमानांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गेलो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा असे जेवण होते. यजमान तपासणी विभागात होते. माल बरा की वाईट हे ठरवणे हेच त्यांचे काम. गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला मोकळा माणूस. जेवण झाल्यावर त्यांनी फळीवरून एक लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली. नापास झालेल्या मालाला लावतात ती.

“सर, रागावू नका. तुमचं आन् आमचं काम येकच हाय. तुमी लेख नापास करता, मी पिना. पण ह्यावर नुसतं ‘खराब’ लिहिलं, तर सायब चिठ्ठी माझ्याच तोंडावर फेकतेत. कुठं खराब? किती? मोजलं कशानं? समदं लिवावं लागतं.”

“लेख मायक्रोमीटरने मोजता येत नाही,” मी म्हणालो.

“व्हय, ते खरं. पण अजून येक हाय. ज्यानं पिन बनविली, त्या गड्याला बोलवायचं. माप त्याच्याम्होरं घ्यायचं. त्यो म्हणला, ‘व्हय, माझीच पिन हाय आन् माप बरूबर घेतलं,’ की मगच लाल चिठ्ठी. न्हाईतर भांडणं लई होतेत सर. गडी म्हणतो, ही पिन माझी नव्हंच, दुसऱ्याचीच उचलली.”

बाई आतून ताटे उचलत म्हणाल्या, “त्या सरांचंही तेच म्हणणं होतं. दुसऱ्याचीच पिन मोजली.”

मी निरोप घेतला. परक्याच्या घरी जेवून वाद घालू नये, एवढी रीत मला आहे. पण रिक्षातून परत येताना वाळूजच्या रस्त्यावर मालट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा माझ्या मनात दुसरे काही नव्हते.

पुढचे दोन महिने बाईंनी जे केले, ते मी जवळून पाहिले आहे, आणि माझ्या दीर्घ आयुष्यात इतक्या निगुतीने केलेले काम मी फार थोडे पाहिले. त्यांनी मागच्या पाच वर्षांतले सारे अभिप्राय काढून टेबलावर पसरले. कोणता अभिप्राय लेखाबद्दल बोलतो आणि कोणता लेखकाबद्दल, याचे दोन गठ्ठे केले. दुसरा गठ्ठा उंच झाला. मग त्यांनी एक नमुना बेतला आणि सात वेळा बदलला. शेवटी उरले ते तीन कागद. पहिल्या कागदावर समीक्षकाने, लेखक काय म्हणतो आहे एवढेच स्वतःच्या शब्दांत लिहायचे. स्वतःचे मत एका शब्दानेही नाही. तो कागद लेखकाकडे जाईल. ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ अशी लेखकाची सही आली, तरच समीक्षकाला दुसरा कागद मिळेल. दुसऱ्यावर आक्षेप. प्रत्येक आक्षेपापुढे पानाचा आकडा, आणि कोणता पुरावा दिला तर हा आक्षेप मागे घ्याल, हेही. तिसऱ्यावर लेखकाचे उत्तर. आणि समीक्षकाचे नाव पहिल्या कागदापासून उघडे.

मी म्हणालो, “नाव उघडे केले तर कोणी खरे लिहिणार नाही. उद्या तोच लेखक समीक्षकाच्या मुलाच्या मुलाखतीला समोर बसलेला असेल.”

“आत्ता खरं लिहितात का सर?”

“काही लिहितात.”

“मग ते नावानंही लिहितील. बाकीच्यांचं न लिहिलेलं बरं.”

यातले प्रत्येक वाक्य बाईंचे आहे. मी फक्त दोन ठिकाणी भाषा दुरुस्त केली, आणि त्यांतली एक दुरुस्ती त्यांनी परत खोडली.

आता त्या ‘एकमुखाने’ झालेल्या बैठकीविषयी. त्या बैठकीत सहा जण होतो. अध्यक्ष सुरुवातीलाच म्हणाले की हे केले तर समीक्षक पळून जातील. संस्कृतज्ञांनी – हो, तेच – असे म्हटले की समीक्षकाने लेखकाकडून सही आणायची म्हणजे गुरुजींनी विद्यार्थ्याकडून प्रगतिपुस्तकावर सही घेण्यासारखे आहे. सगळे हसले. बाई इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. एका सदस्याने त्यांच्याकडे वळून टोमणा मारला, “बाई, हे लेख आहेत. नट-बोल्ट नव्हेत.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “खरं आहे सर. नट-बोल्ट बिघडला तर भट्टीत घालून परत करता येतो. लासूरच्या त्या सरांनी तीन वर्षं पावत्या लावल्या. ती कुठल्या भट्टीत घालायची?”

अध्यक्ष चहा सांगायला म्हणून खाली उतरले आणि मतदान होईपर्यंत वर आलेच नाहीत. बाजूने तीन आणि विरुद्ध दोन, असा तो एकमुखी ठराव होता. बाजूच्या तिघांत मी होतो, पण माझ्या मनात खोट होती. मला वाटले होते, एका वर्षात हे आपोआप मोडेल.

पहिली चाचणी कोणत्या लेखावर घ्यायची, हे विचारण्याची गरजच नव्हती. बाईंनी लासूर स्टेशनला पाठवायचे पत्र माझ्यासमोर ठेवले – ‘आपल्या लेखाचे मागील परीक्षण मीच केले होते. नव्या पद्धतीने ते पुन्हा करण्याची अनुमती द्यावी.’ खाली माझे नाव टंकलेले होते. मी ते पत्र दोन दिवस सही न करता ठेवले. तिसऱ्या दिवशी सही केली, कारण बाईंनी त्या दोन दिवसांत त्याविषयी एक अक्षरही काढले नव्हते.

प्राध्यापकांचा फोन आला. “पत्र मिळालं सर. अंदाज होताच.”

“कसा काय?”

“माझ्यावर रागावणारे पुष्कळ आहेत सर. पण ‘मूलभूत’ एवढं ठासून म्हणण्याइतका राग दुसऱ्या कुणाला कशाला येईल?”

मी फोन ठेवल्यावर हसलो, हे प्रथमच जाहीर करतो.

पहिला कागद मी एका बैठकीत लिहून टाकला. आठवड्याने तो परत आला. सहीच्या जागी लिहिले होते – ‘हे माझे म्हणणे नाही. हे आपल्या ग्रंथाचे म्हणणे असून पुढे फक्त “नाही” जोडले आहे.’ चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवले. माझे लिखाण कोणी परत पाठवण्याची ती पहिलीच वेळ. मी दुसऱ्यांदा लिहिले, जरा चिडून. तेही परत आले. ‘पाण्याचा मुद्दा राहिला.’ कोणते पाणी? मी लेख पुन्हा काढला आणि या वेळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. पाणी अकराव्या पानावर होते. पण तो मुद्दा ज्या पावत्यांवर उभा होता त्या उर्दूत होत्या आणि मला उर्दू येत नाही. माझा सगळा ग्रंथ मराठी आणि इंग्रजी कागदांवर उभा आहे. हे कोणी मला कधी विचारले नव्हते, म्हणून मीही कधी सांगितले नव्हते.

बाईंना म्हणालो, “मी लासूरला जाऊन येतो.” त्या म्हणाल्या, “पॅसेंजर सकाळची आहे सर. मी वेळ पाहून ठेवली आहे.”

प्राध्यापकांचे घर बाजारपेठेच्या मागे होते. खापरपणजोबांकडे त्या गावच्या गुरांच्या बाजाराचा ठेका होता. प्रत्येक विकलेल्या जनावराची पावती फाडायची, ही त्यांची रीत. त्यांच्या स्थळप्रतींचे ते गाठोडे प्राध्यापकांच्या आजोबांनी जपले होते. आजोबा नव्वदीच्या घरातले, ओसरीवर बाजेवर बसलेले. मी पावती हातात घेऊन उलटसुलट पाहू लागलो, तसे त्यांनी नातवाला हाक मारली.

“पढ के सुना रे इनको. चष्मा लगा के देख रैं, समझ में कुछ नई आरा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “प्रोफेसर साब, उर्दू नई आती तो हमारे बजार का हाल कैसा लिख दिए जी?”

“दादा,” प्राध्यापक ओशाळून म्हणाले, “मेहमान हैं.”

“मेहमान हैं तो चाय पिला. सवाल तो सवाल है.”

मी आजवर दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर त्या ओसरीवर दिले. म्हणालो, “चुकून लिखा.” आजोबा खूश झाले आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी दोन खारी ठेवल्या.

मग दुपारभर प्राध्यापक वाचत गेले आणि मी ऐकत गेलो. पावतीवर जनावराचा रंग, शिंगे, विकणाऱ्याचे गाव आणि सौदा कुठे झाला ती जागा लिहिलेली असे. सुरुवातीच्या पावत्यांवर जागा म्हणून गावातली बारव होती. बाजार बारवेच्या पायऱ्यांभोवती भरायचा, कारण गुरांना पाणी तिथेच मिळायचे. पुढे पावत्यांवर लागोपाठ उन्हाळ्यांत ‘पानी नहीं’ असा शेरा येऊ लागला. मग जागा बदलली – बारवेऐवजी नदीकाठचा माळ. आणि त्यानंतर पावत्याच विरळ होत गेल्या. हे सारे रूळ पडण्याच्या कितीतरी आधीचे. बाजार रेल्वेने मोडला नव्हता. बारव आटली तेव्हाच तो मोडला होता. रेल्वे आली ती एका ओस पडलेल्या जागेजवळून गेली. माझ्या ग्रंथातले ते प्रकरण किती सुंदर लिहिले आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे बसल्या बसल्या ते माझ्या डोळ्यांदेखत सुकत गेले.

एक सांगितले पाहिजे. त्या सबंध दुपारी त्या तरुणाने एकदाही ‘पाहा, मी म्हटले नव्हते का’ असे म्हटले नाही. एखादी पावती माझ्या सिद्धान्ताच्या बाजूची निघाली, तर ती तितक्याच स्वच्छ आवाजात वाचली आणि वेगळी ठेवली. अशा तीन निघाल्या. संशोधक म्हणून मी या जिल्ह्यात कोणाला कमी मानत आलो नाही, असे म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर त्यांना कमी मानले नाही.

तिसऱ्यांदा लिहिलेला पहिला कागद मी तिथेच, त्यांच्या ओसरीवर बसून पुरा केला. दहा ओळी. प्राध्यापकांनी तो दोनदा वाचला, एक शब्द बदलायला सांगितला, तो मी बदलला, आणि त्यांनी सही केली. मग म्हणाले, “आता आक्षेप, सर. दुसरा कागद आणलाय ना?”

तो बाईंनी, सही झाल्यावरच काढायचा या बोलीवर, बरोबर दिला होता. येताना माझ्या डोक्यात निदान पंधरा आक्षेप होते. लिहायला बसलो तेव्हा दोनच उरले. पण ते दोन्ही खरे होते आणि त्यांचा मला अभिमान आहे. पावत्या एकाच घराच्या आहेत, दुसऱ्या ठेकेदाराकडचा व्यापार त्यांत दिसणार नाही, हा एक. बारव कायमची केव्हा आटली याला गावच्या सांगण्याखेरीज पुरावा नाही, हा दुसरा. दुसरा आक्षेप त्यांनी तिथल्या तिथे मान्य केला. पहिल्याचे उत्तर पुढे दीड पानाचे आले. ठेका एकट्याच घराकडे होता, याचा कागद त्यांनी शोधून काढला होता.

लेख छापायला घेतला आणि माझे व बाईंचे शेवटचे भांडण झाले. लेखाखाली माझे आक्षेप, त्याखाली त्यांचे उत्तर, असा क्रम होता. आमच्याकडे जुनी पद्धत अशी की कोणताही वाद संपादकीय टिपेने मिटवायचा. मी बारा ओळींची टीप लिहिली. सौम्य होती, शहाणी होती, आणि तिच्या शेवटी माझ्या ग्रंथाचे महत्त्व कसे अबाधित राहते, तेही होते.

बाईंनी ती परत आणून ठेवली. “सर, नमुन्यात याला जागा नाही.”

“नमुना तुम्ही केला. जागाही तुम्ही करा.”

“केली असती. पण मग उद्या क्रमांक दोन परत येतील.”

मी दोन दिवस भांडलो. संपादकाचा अधिकार सांगितला, वय सांगितले, नियमावलीतली कलमे काढली. एकदा तर राजीनाम्याची भाषाही केली. त्यावर त्या म्हणाल्या की तो लिहून दिलात तर टंकून ठेवते, सही नंतर करा. शेवटी छपाईला जाणाऱ्या फाइलीत टीप नव्हती. मी ती काढायला सांगितली नव्हती, आणि घालायलाही पुन्हा सांगितले नाही. अध्यक्ष लिहितात की, अखेरचा शब्द मी ‘मोठ्या मनाने’ त्या तरुणाला दिला. मी दिला नाही. तो मला मिळाला नाही.

अंक मुलाखतीच्या आधी निघाला. प्राध्यापक तो घेऊन गेले, आणि आज ते कायम जागेवर आहेत. ती जागाही माझ्या शब्दामुळे मिळाली, अशी वदंता आहे. मुलाखतीच्या खोलीत मी नव्हतो. तिथे कोणीतरी विचारले म्हणे की, तुमच्या लेखावर इतक्या मोठ्या विद्वानाचे आक्षेप छापलेले आहेत, याला काय म्हणता. प्राध्यापक म्हणाले, “दुसरा आक्षेप बरोबर आहे. त्यावर काम चालू आहे.” हे मला त्यांनी सांगितले नाही, त्या खोलीत बसलेल्या एकाने सांगितले, आणि सांगताना तो हसत नव्हता.